काडीमोजणीची वही: क्लुआनी, ऑक्टोबर ते जून

६ ऑक्टोबर २०१८

तळावर सामान लावून झालं. कॅनडातल्या व्हाइटहॉर्सहून अलास्का महामार्गानं पश्चिमेला निघालं की दोनेकशे किलोमीटर स्प्रूसचं, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांचं, रान संपत नाही. मग डोंगर जवळ येतात आणि क्लुआनी तलाव दिसतो. युकॉनचा हा कोपरा सशांच्या अभ्यासासाठी गेली चाळीस-बेचाळीस वर्षं ओळखला जातो.

ससा म्हणजे इथला स्नोशू हेअर. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा, वजन दीड किलोच्या आतबाहेर. मागचे पंजे एवढे रुंद आणि केसाळ की भुसभुशीत बर्फातही तो रुतत नाही. दर आठ ते अकरा वर्षांनी याची संख्या चढते आणि कोसळते. क्लुआनीत १९९०च्या सुमारास शिखर होतं, मग १९९८, मग २००६, आणि आता दोनेक वर्षांपूर्वी पुन्हा. म्हणजे मी उताराला लागलेल्या गाडीत बसले आहे.

माझं काम: हिवाळ्यात सशांना खायला किती आहे आणि त्यातलं ते किती खातात, हे मोजायचं. माणदेशातल्या मुलीला यात वेगळं काय सांगायचं? चारा संपला की जनावर मरतं. हे मनात धरूनच आले आहे. लिहून ठेवते, म्हणजे जूनमध्ये पडताळता येईल.

९ ऑक्टोबर

पहिल्या ३० काड्यांना खुणा केल्या. पद्धत साधी आहे. झुडपाची एक डहाळी धरायची, जिथं तिची जाडी ५ मिलिमीटर भरते तिथं रंगीत पट्टी बांधायची, पुढचे सगळे फाटे मोजून वहीत लिहायचे. वसंतात परत येऊन पुढचं किती उरलं ते पाहायचं.

५ मिलिमीटरच का? त्यापुढच्या बारीक काडीत साल आणि कळ्या जास्त, लाकूड कमी. जाड काडी खाऊन पोट भरतं, अंगी लागत नाही. बारीक काड्या खायच्या तर एका सशाला दिवसाला साधारण ३०० ग्रॅम लागतात.

झुडपं मुख्यतः दोन: करडा विलो आणि बुटका बर्च. विलो आपल्या वाळुंजाच्या भाऊबंदांपैकी, आणि बर्च हिमालयातल्या भूर्जाच्या. भूर्जपत्रावर लिहिलेल्या पोथ्या आपण पुण्यात काचेत पाहतो, इथं त्याचा भाऊ सशाच्या दातात. सशांना बर्च अधिक आवडतो, पण विलो जास्त आहे, त्यामुळे पोट विलोवर भरतं. शिवाय स्प्रूसच्या खालच्या फांद्या, अगदीच नडलं तर.

सशानं तोडलेली काडी ओळखायला सोपी: सुरीनं तिरकी छाटल्यासारखी. मूस या थोराड हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्यानं खाल्लेली काडी फाटून झिंज्या निघालेली असते. आमच्या गाईंसारखीच.

२ नोव्हेंबर

आबांचा फोन आला. राज्यानं परवा १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, माण त्यात आहेच. चुलता एरवी दिवाळी करून मेंढरं कोकणात उतरवतो, औंदा दिवाळीआधीच निघाला. आबा दोन गाया राखत घरी.

"काय खातंय तुजं ससं?"
"काड्या, आबा. पानं झडलेल्या काड्या."
"आन् पिल्लास्नी दूध कुठनं येतंय मग?"

चांगला प्रश्न. सांगितलं की हिवाळ्यात पिल्लंच नसतात. पहिलं वेत मेअखेरीस, मग उन्हाळाभरात आणखी दोन-तीन, आणि एक वेत झालं की त्याच दिवशी मादी पुन्हा फळते. आबा "अगं बाबौ" म्हणाले. मग मी सांगितलं की ससा स्वतःची मऊ लेंडी परत खातो, पहिल्या फेरीत निसटलेलं सत्त्व दुसऱ्या फेरीत काढून घेतो. त्यावर त्यांचं म्हणणं असं की ही अक्कल आमच्या गाईला असती तर छावणीची वाट बघावी लागली नसती. गाय चार पोटांतून रवंथ करून तेच साधते हे मी बोलले नाही. कशाला उगाच.

१४ नोव्हेंबर

उणे २८. जाडी मोजायच्या डिजिटल व्हर्नियरचा पडदा काळवंडला आणि आकडे गेले. खिशात ऊब देऊन पाहिली, दोन मोजण्या होतात, तिसरीला पुन्हा तेच. संध्याकाळी तळावर ॲल्युमिनियमच्या पट्टीला कानशीनं बरोबर ५ मिलिमीटरची खाच पाडली. काडी जिथं खाचेत अडकते तिथं रंगीत पट्टी बांधायची. बॅटरी नको, आकडे वाचायला नकोत, हातमोजा काढायला नको. महिनाभर आधी का सुचलं नाही!

एकूण १६० काड्या झाल्या: ८० दाट स्प्रूसखालच्या, ८० मोकळ्या विलोच्या पट्ट्यातल्या.

२६ नोव्हेंबर

पहिला मेलेला ससा. काही सशांच्या गळ्यात रेडिओचा पट्टा असतो. जनावर बराच वेळ हललं नाही की बीपचा वेग दुप्पट होतो. कामातला जोडीदार अँटेना फिरवत पुढं, मी मागं. स्प्रूसच्या बुंध्याशी कातडं आतून बाहेर पालथं झालेलं, शेजारी मागचे दोन पाय आणि आतडी. मोठे गोल ठसे, नख्यांच्या खुणा नाहीत. लिंक्स, इथलं मोठं रानमांजर.

मारेकरी कोण हे असं उरलंसुरलं पाहूनच ठरवायचं. लिंक्सची ही रीत, कायोटी (लांडग्याचा लहान भाऊबंद) बर्फात पुरून ठेवतो, गॉसहॉक हा शिकारी पक्षी केस उपटून रिंगण करतो, शिंगाळं घुबड आणखी निराळं. मला वाटलं होतं, मेला म्हणजे उपाशी असेल, अशक्त म्हणून सापडला असेल. जोडीदारानं मांडीचं हाड मोडून दाखवलं. उपाशी जनावराच्या हाडातला मगज लालसर आणि पाणचट होतो, चरबी शेवटी तिथूनच जाते. याचा मगज पांढरा, मेणासारखा घट्ट. खाऊनपिऊन सुखी होता.

मग पुढं तो सहज म्हणाला, घसरणीच्या वर्षांत पट्टा लावलेल्या सशांपैकी दहातले नऊ कुणाच्या तरी तोंडी जातात. उपासमारीनं मेलेला ससा क्वचित सापडतो.

म्हणजे ६ ऑक्टोबरची नोंद पहिल्याच फटक्यात अडचणीत. मग मी इथं काड्या कशाला मोजते आहे?

९ डिसेंबर

वादळामुळे दोन दिवस आत. तळावरच्या फडताळातले जुने शोधनिबंध वाचले. वरच्या प्रश्नाचं उत्तर इथंच, याच रानात शोधलं गेलं होतं.

१९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं, म्हणजे सशांचं एक आख्खं चक्र. चार्ल्स क्रेब्स, टोनी सिंक्लेअर, स्टॅन बूटिन, रूडी बूनस्ट्रा आणि त्यांची मंडळी. त्यांनी रानाचे एकेक चौरस किलोमीटरचे तुकडे पाडले. काही तुकड्यांना हात लावला नाही. काहींत सशांना गोळीपेंड घातली. एका तुकड्याला विजेचं कुंपण केलं: जाळीतून ससा जाईल, लिंक्स आणि कायोटी जाणार नाहीत. पक्षी मात्र वरून येतच राहिले. एका तुकड्यात कुंपण आणि गोळीपेंड दोन्ही. काही तुकड्यांवर विमानातून खत टाकलं.

१९९५ साली 'सायन्स'मध्ये आलेला निष्कर्ष असा. शिखर आणि घसरणीच्या काळात, नुसतं कुंपण घातलेल्या तुकड्यात ससे साधारण दुप्पट. नुसतं खाणं घातलेल्यात तिप्पट. दोन्ही केलेल्यात अकरा पट.

हे तीन आकडे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहेत. दोन आणि तीनचा गुणाकार सहा. मग वरचे पाच कुठून आले? दोन्ही कारणं आपापल्या वाटेनं चालत असती तर सहाच्या आसपास थांबायला हवं होतं. त्याअर्थी ती एकमेकांत गुंतलेली आहेत, खाण्याची कमतरता शिकारीला मदत करते आणि शिकारीची भीती खाण्याला नडते. कशी, ते या आकड्यांत नाही.

आणखी एक गोष्ट या तिपटीबद्दल. पेंड घातली की शेजारच्या रानातले ससेही येणार. छावणी उघडली की पंचक्रोशीतली जनावरं येतात तसं. त्यामुळे तिप्पट म्हणजे तिप्पट जन्मले असं वाचायचं नाही. आणि गंमत म्हणजे त्याआधीच्या चक्रातही, १९७६ पासून, इथं खाणं घालून पाहिलं होतं. ससे वाढले, पण घसरण ठरल्या वेळी आलीच. पेंड आणि कुंपण दोन्ही असलेल्या तुकड्यातही ती शेवटी आली, फक्त उशिरा.

खताच्या तुकड्यांचं वाचून हसू आलं. झाडोरा वाढला, ससे काही वाढले नाहीत. आबांना सांगायला हवं: युरिया टाकून चारा वाढतो, मेंढरं आपोआप वाढत नाहीत.

१० डिसेंबर

कालचंच पुढं. अल्बर्टात लॉइड कीथ १९६१ पासून सशांच्या मागं होते. त्यांचं म्हणणं: शिखराला हिवाळी चारा खरोखर कमी पडतो, ससे तिथून उतरायला लागतात, आणि मग तोवर वाढलेले लिंक्स वगैरे उरलेल्यांना तळापर्यंत ओढत नेतात. आधी भूक, मग दात. क्लुआनीच्या लोकांना इथं तसा चाऱ्याचा खडखडाट दर वेळी दिसला नाही. शिखराच्या हिवाळ्यातही काड्या उरल्या होत्या.

कॉलेजच्या पुस्तकातला तो लिंक्स आणि सशांचा आलेख आठवतो? हडसन्स बे कंपनीच्या कातड्यांच्या हिशेबातून काढलेला, दोन लाटा एकमेकींच्या मागं धावणाऱ्या. त्यात काही दशकांत लिंक्सची लाट सशांच्या आधी येते. १९७३ साली मायकेल गिल्पिन यांनी त्यावर एक छोटा लेख लिहिला, मथळा असा की ससे लिंक्सना खातात की काय! खरं कारण असं की कातडी वेगवेगळ्या भागांतून आली होती आणि किती फासे लागले हे फासेवाल्यांवर होतं. आम्हाला परीक्षेत तो आलेख दहा मार्कांना होता. हे कुणी सांगितलं नाही.

२१ डिसेंबर

उजेड पाच-साडेपाच तास, तोही डोंगराआडून. काम नाही. पिठलं केलं, बेसन संपलं.

५ जानेवारी २०१९

चूक सापडली, आणि माझीच.

मोकळ्या पट्ट्यातल्या निम्म्या खुणा बर्फाखाली गेल्या आहेत. ऑक्टोबरात मी वाकून, सोयीच्या उंचीवर, गुडघ्याच्या खाली पट्ट्या बांधल्या. आता तिथं बर्फ गुडघ्याच्या वर आहे. गाडलेली काडी सशाला मिळत नाही, म्हणून ती 'शाबूत', आणि मी वसंतात आनंदानं लिहिणार की चारा भरपूर उरला!

उलट बाजूही आहे. बर्फ चढतो तसा ससाही वर चढतो. ऑक्टोबरात ज्या फांदीला त्याचं तोंड पोचलं नसतं ती आता त्याच्या नाकासमोर. दर हिमवर्षावानंतर जुनं ताट झाकलं जातं आणि नवं वाढलं जातं. 'किती चारा आहे' याला एकच आकडा नाही, तो आज बर्फ किती यावर ठरतो. दाट स्प्रूसखाली फांद्याच बर्फ झेलतात, तिथं थर कमी, त्यामुळे ताटं बदलण्याचा हा खेळही कमी.

उपाय: उघड्या काड्यांतून नव्या ६० निवडल्या, आणि प्रत्येक खुणेची जमिनीपासूनची उंची लिहिली. जुन्या गाडलेल्यांचा हिशेब वेगळा ठेवणार. प्राध्यापिकाबाईंना मेल केला. उत्तर एका ओळीचं: पहिल्या हिवाळ्यात हे सगळ्यांचं होतं.

१९ जानेवारी

खाणावळ लावली. वेगवेगळ्या काड्यांच्या वजन केलेल्या जुड्या खुंट्यांना बांधून रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी पुन्हा वजन करायचं. पहिल्या रात्री आठपैकी पाच जुड्या खुंटीसकट गायब. मूस. खूर ताटाएवढे. आता जुड्या खाली, पडलेल्या स्प्रूसच्या आडव्या फांद्यांच्या जाळीत, जिथं मूसचं मुस्कट शिरत नाही.

एक गोष्ट मला उलटी वाटली. शेळ्या-मेंढरं कोवळं आधी खातात, हे लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं. बाभळीचा कोवळा शेंडा दिसला की शेळी दोन पायांवर उभी. इथं ससा स्प्रूसचं लहान रोप सोडून मोठ्या झाडाची फांदी धरतो. कारण कापूर. स्प्रूसच्या रोपट्यात कापूर जास्त, वयात आलेल्या झाडात कमी. अलास्कात जॉन ब्रायंट आणि सोबत्यांनी हेच बर्चमध्ये दाखवलं. तिथल्या कागदी बर्चची पोरवयाची काडी राळेनं माखलेली असते, आणि त्या राळेतलं एक आम्ल सशाला मानवत नाही. झाड खाल्लं गेलं की बुंध्यातून पुन्हा असेच पोरवयाचे, राळवाले फुटवे येतात. म्हणजे शिखराच्या काळात ओरबाडलेलं रान पुढची काही वर्षं हिरवं दिसतं, खाण्याजोगं नसतं.

ही कल्पना मला फारच आवडली होती. घसरण का लांबते याचं उत्तर झाडांनीच दिल्यासारखं. पण क्लुआनीच्या विलो-बर्चमध्ये एवढा जोर दिसत नाही, इथं राळेनं चक्र फिरत नाही. अलास्काचं खरं ते युकॉनमध्ये खरं असेलच असं नाही, जसं कोकणातलं घाटावर.

माझ्या जुड्यांत मात्र बर्च सकाळपर्यंत खुंटीपर्यंत कातरलेला, विलो बराचसा गेलेला, स्प्रूसला नावापुरता दात. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण बघायला मजा येते.

३ फेब्रुवारी

मोकळ्यातल्या आणि दाट झाडीतल्या जुड्या एकाच रात्री, त्याच वजनाच्या ठेवून पाहिल्या. सहा रात्री. झाडीतल्या जवळजवळ रोज साफ. मोकळ्यातल्या बऱ्याचदा तशाच, आणि एकदा तर शेजारून सशाचे ठसे येऊन, वीसेक पावलांवरून मागं फिरलेले. आला, पाहिलं, गेला.

डेव्हिड हिक यांनी हेच १९९५ साली मांडलं होतं. घसरणीच्या काळात ससे दाट झाडीत सरकतात, जिथं जीव वाचतो पण चारा हलका असतो. वजन उतरतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पिल्लं कमी होतात.

संध्याकाळी आबांना सांगितलं. मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग:

"त्यात नवं काय हाय? वरच्या माळाला गवात गुडघाभर असायचं. पर लांडग्याची जोडी फिराय लागली की कोण घालतंय मेंढरं तिकडं? वड्याच्या काठाला, घराच्या अंगाला ठिवायची. नुसती कुसळं. त्या साली लांडग्यानं खाल्ली किती? दोन. आन् वाळली सगळी. कोकरं बी धड झाली न्हाईत."

फोन ठेवल्यावर वहीच्या पुठ्ठ्यावरचे दोन, तीन आणि अकरा पुन्हा पाहिले. कुंपण घातलं की लांडगा नाही, म्हणून वरच्या माळावर जाता येतं. पेंड घातली की माळावर जायची गरजच कमी. दोन्ही केलं की वाळलेली मेंढरं उरतच नाहीत. हा माझा हिशेब आहे, क्रेब्स यांचा नव्हे. पण लांडग्यानं खाल्लेली दोन आणि वाळलेली सगळी, हे कुठल्याही मृत्यूच्या नोंदवहीत कसं येईल? पट्ट्याची बीप फक्त पहिली दोन सांगते.

१७ फेब्रुवारी

कॅमेऱ्यात विचित्र दृश्य. लिंक्सनं अर्धवट टाकलेल्या सशापाशी दुसरा ससा, आणि तो हुंगत नाही, खातोय. जोडीदाराला मुळीच नवल वाटलं नाही. मायकेल पीअर्स यांनी गेल्याच वर्षी याच भागातलं हे छापलं आहे: हिवाळ्यात ससे मेलेल्या सशांवर, एवढंच काय, मेलेल्या लिंक्सवरही दात चालवतात, तितराच्या जातीच्या पक्ष्यांची पिसंही खातात. काड्यांत प्रथिनं अगदी कमी, त्यामुळे मिळेल तिथून.

खाणावळीच्या यादीत 'मांस' हा रकाना मी घातला नव्हता. घातला.

महामार्गावर राहणारे एक वयस्कर फासेवाले आज चहाला थांबले. इथल्या आदिवासी समाजांत ससा पिढ्यान् पिढ्या खाल्ला जातो, आणि त्यांच्याकडची जुनी ताकीद अशी की नुसत्या सशावर हिवाळा काढू नये. सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. पोट भरत राहतं आणि माणूस खंगत जातो. भूक भागूनही उपाशी. हिवाळ्यातल्या सशाचीही तीच गत नाही का, जाड काड्या खाणाऱ्याची?

१० मार्च

उजेड परतला. बर्फावर कवच धरलं आहे, पाय रुतत नाहीत, सशाचेही आणि लिंक्सचेही.

लेंड्या गोळा करायला सुरुवात. मोजायला नव्हे, प्रयोगशाळेसाठी. त्यातून ताणाचं संप्रेरक कळतं, जनावराला हात न लावता. मायकेल शेरिफ, क्रेब्स आणि बूनस्ट्रा यांनी २००९ साली दाखवलं की गाभण माद्यांना भीतीचा ताण असेल तर पिल्लं लहान होतात. त्यासाठी त्यांनी शिकवलेलं कुत्रं दिवसाआड मिनिट-दोन मिनिटं मादीच्या आवारात नेलं होतं. कुत्र्यानं कुणाला शिवलंही नाही. नुसतं येऊन गेलं.

लिंक्स कमी झाल्यावरही ससे दोन-तीन वर्षं तळालाच का राहतात, चारा परत वाढलेला असताना, याचं एक उत्तर इथं शोधतात: आयांची भीती लेकींच्या अंगात उतरते. म्हसवडच्या छावणीत आबांच्या गाया आहेत. पेंड मिळते, पाणी मिळतं. दूध अजून चढलेलं नाही.

१३ एप्रिल

सापळे लावले. आमिष लसूणघासाच्या वड्या. घास बघून घर आठवलं, वासही तोच. ससे थोडे, मागच्या वसंताशी तुलना करून सगळे मान हलवतात. पकडलेला ससा पिशवीत घातला की शांत होतो. मागचा पंजा मोजायचा, वजन करायचं, कानातला बिल्ला वाचायचा, सोडून द्यायचं. एकीच्या पिशवीला इतका वेळ लावला की जोडीदार म्हणाला, तिचा ताण तू वाढवते आहेस. खरं होतं.

११ मे

बर्फ गेला, खुणा परत निघाल्या. तीन दिवस रोज दहा तास.

दाट झाडीतल्या बहुतेक डहाळ्या पट्टीपर्यंत खाल्लेल्या, काही पट्टीच्या मागंही, बोटाएवढ्या जाडीपर्यंत. मोकळ्यातल्या, जानेवारीत नव्यानं बांधलेल्या, उंची लिहिलेल्या काड्यांपैकी निम्म्याहून अधिक तशाच. पालवी फुटायला लागली आहे त्यांना. दोन्ही जागांत अंतर किती? शंभर पावलं नसेल.

रानभरचा चारा सरासरीनं मोजला तर उत्तर येतं: पुरेसा होता. झाडीतला वेगळा मोजला तर: संपला होता. ऑक्टोबरची नोंद चूक होती असंही म्हणता येईना, बरोबर होती असंही नाही. वहीत दोन्ही सरासऱ्या वेगळ्या लिहिल्या, एकत्र करायच्या नाहीत अशी सूचना लाल शाईत.

गाडलेल्या जुन्या खुणांपैकी काही सापडल्याच नाहीत. पट्ट्या खारींनी नेल्या असाव्यात, एका घरट्यात माझी केशरी पट्टी दिसली.

दुपारी तलावाच्या टोकाकडून धुळीचे लोट. २०१६च्या वसंतात कास्कावुल्श हिमनदीचं पाणी दुसऱ्या बाजूला वळलं आणि तलावाला मिळणारी स्लिम्स नदी जवळजवळ आटली. पात्र उघडं पडलं, आता वारा सुटला की माणदेशासारखी धूळ. एवढ्या लांब येऊन तीच.

८ जून

लेंडीमोजणी. चौकट ५ सेंटीमीटर रुंद आणि ३०५ सेंटीमीटर लांब, म्हणजे मुळात दोन इंच बाय दहा फूट. जमिनीवर ठेवायची, आतल्या लेंड्या मोजायच्या, सगळ्या उचलून बाहेर टाकायच्या, म्हणजे पुढच्या जूनमध्ये मोजल्या जातील त्या वर्षभरातल्याच. क्रेब्स यांनी सापळ्यांतली संख्या आणि लेंड्यांची संख्या यांचा मेळ घालून दाखवल्यापासून ही चालत आलेली रीत. महागडे पट्टे, कॅमेरे, अँटेना एकीकडे, आणि गुडघ्यावर बसून लेंड्या वेचणं एकीकडे. लहानपणी वाड्यातल्या लेंड्या खतासाठी भरायचे तेव्हा याचे डॉलर मिळतील असं वाटलं नव्हतं.

चिखलट जागी चौकट कुठं संपते यावरून वाद होतोच. काठावरची लेंडी अर्धी आत अर्धी बाहेर असेल तर? नियम: एका लांब बाजूची धरायची, दुसऱ्या बाजूची नाही. आम्ही सकाळभर तिसऱ्याच नियमानं मोजत होतो. पहिल्या बारा चौकटी पुन्हा.

दुपारी एका विलोच्या बुडाशी पिल्लू. डोळे उघडे, अंगावर केस, मुठीएवढं, हललं नाही. आई दिवसातून एकदाच, संधिप्रकाशात येऊन पाजते. तोवर त्यानं असंच बसायचं, आणि लाल खार, भुईखार कुणी वास घेत आली नाही तर बरं. त्या विलोला माझी पट्टी होती, मोकळ्या पट्ट्यातली, क्रमांक ११३, काडी शाबूत.

पुढच्या ऑक्टोबरसाठी सामानाची यादी: कानशीनं पाडलेली खाच असलेल्या पट्ट्या ३, खारींना न आवडणाऱ्या धातूच्या खुणा, आणि प्रत्येक झुडपावर तीन उंच्या: ४०, ८० आणि १२० सेंटीमीटर. बेसन ५ किलो.